टाळूवरचा टॅटू: केस येत नाहीत, भास येतो

म्हापशाच्या एका मित्राने विचारलंय, टाळूवर टॅटू केला की केस उगवतात का? नाही हो. बारीक सुईने त्वचेत रंगाचे ठिपके सोडतात, ते भादरलेल्या केसांच्या खुंटांसारखे दिसतात, एवढंच. माझ्या मावसभावाने करून घेतलंय. हातभर अंतरावरून कळत नाही. पण डोक्यावरून मशीन फिरवायला आठवडा उशीर झाला, की कडेचे खरे केस वर येतात आणि मधला भाग उघडा पडतो.

दोन-तीन बैठका लागतात. प्रत्येकीनंतर काही दिवस घाम गाळणं, समुद्रात डुंबणं बंद. गोव्यात मे महिन्यात घाम टाळून दाखवा! डिसेंबर-जानेवारी बरा. उन्हाने रंग लवकर फिकटतो, टोपी हवीच. चाई (केस गोल चकत्यांनी गळणं) असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. त्यात केस पुष्कळदा आपोआप परत येतात.