मदत हवी आहे: बाबा ताटातलं अर्धंच जेवतात

आबोली_फोंडा
बाबांना घरी आणून आठ दिवस झाले. डोळे तपासले, नंबर तोच. तरी ताटातला उजवीकडचा भात संपवतात, डावीकडची हुमणाची वाटी तशीच. वर आईवर ओरडतात, "हुमण वाढलंच नाही!" ताट फिरवलं की मुकाट जेवतात. आईला वाटतं मुद्दाम करतात. रडते ती. लवकर सांगा.

डिचोलीकर
घरी आणलं कुठून? स्ट्रोक की अपघात? स्कॅनमध्ये काय आलं?

मांडवीकाठ
मोतीबिंदू असणार. सासऱ्यांचं असंच होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आबोली_फोंडा
मोतीबिंदू नाही हो, डोळे तपासले लिहिलंय ना! स्ट्रोक. 'राइट पॅरायटल इन्फार्क्ट', म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूच्या वरच्या-मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. हातपाय चालतात.

ओटी_म्हापसा
मग हे निग्लेक्ट. मी रोज असे पेशंट बघते. डोळ्याला दिसतं, पण मेंदूचं लक्ष डावीकडे जातच नाही. आईंना सांगा, मुद्दाम नाही. 1978 मध्ये इटलीत बिझियाक आणि लुझाट्टी या संशोधकांनी अशा पेशंटना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला. एका टोकाला उभं असल्याची कल्पना केली की फक्त उजवीकडच्या इमारती सांगायचे. समोरच्या टोकाला गेल्याची कल्पना केली की आधी सुटलेल्या. आठवणीतलीही डावी बाजू सुटते!
कागदावर आडवी रेघ काढा, मध्यावर खूण करायला सांगा. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा. आधी पट्टी शोधायची, मग घास.

सत्तरीचा_माणूस
आम्ही सगळं उजवीकडेच ठेवायचो. आजारी माणसाला कशाला छळायचं?

ओटी_म्हापसा
पाणी, घंटी उजवीकडे ठेवा, बरोबर. पण बोलताना हळूहळू डावीकडे सरका, नाहीतर ती बाजू सुटलेलीच राहते.

मडगाव_67
माझ्या काकांचा डावा पॅरायटल गेलेला. दुकानदार माणूस, पण साधी बेरीज जमेना, अनामिका कुठली तेही कळेना. डॉक्टर त्याला 'गेर्स्टमन सिंड्रोम' म्हणाले.

डिचोलीकर
ते डाव्या बाजूचं, इथे उजवी आहे. आबोली, स्कूटरची चावी आधी लपवा.

आबोली_फोंडा
चावी काढली. रेघ करून घेतली. खूण उजव्या टोकापासून दोन बोटांवर! "बरोबर मध्ये आहे" म्हणाले. आईने कागद हातात घेतला, बराच वेळ बघत बसली. मग स्वतःच ताट फिरवून दिलं.
पट्टीला वायरिंगची लाल टेप चालेल का? घरात तीच आहे.