ट्यून केलेल्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नेमका कशामुळे जातो?

अमरावती_रोड यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि आठ गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली सेदान आहे. नवी असताना तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५०० न्यूटन-मीटर होता. दोन वर्षांपूर्वी मी इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जास्त शक्तीसाठी ट्यून करून घेतला, आणि त्यानंतर डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) सुमारे ४५० अश्वशक्ती व ६५० न्यूटन-मीटर असे आकडे आले. गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर मात्र मूळचेच आहे. ६२,००० किलोमीटर होऊनही त्याचे ऑइल एकदाही बदललेले नाही, कारण ते गाडीच्या आयुष्यभरासाठी असते अशीच माझी समजूत होती.

हिवाळ्यात गाडी अगदी निर्दोष चालली. गेल्या मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस) चालू असताना, वर्धा रोडवरच्या गर्दीत पाऊण तास रांगत काढल्यावर बुटीबोरीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला आणि मी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. तिसऱ्यावरून चौथा गिअर पडताना टॅकोमीटरचा काटा खाली यायला हवा होता, तो क्षणभर मिनिटाला तीन-चारशे फेऱ्यांनी वर गेला आणि मग गिअर झटक्याने बसला. शेजारी बसलेल्या भावालाही तो झटका जाणवला. तेव्हापासून ताशी ८० च्या स्थिर वेगाला हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की कधीकधी काटा थरथरतो आणि गाडी बारीक खड्ड्यांवरून चालल्यासारखी वाटते.

एक जाणकार म्हणतात की हा गिअरबॉक्स ८०० न्यूटन-मीटरही सहज झेलतो. दुसरे म्हणतात की तो आत्ताच उघडून जास्त प्लेटांचे क्लच बसवून घ्या. माझ्या मनात पुढे मोठा टर्बो बसवायचे आहे, परंतु त्याआधी पैसा कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावा हे मला समजून घ्यायचे आहे.

हिंगणा_एमआयडीसी यांचे उत्तर

भाऊ, दोन्ही जाणकारांचे म्हणणे अर्धवट आहे, कारण दोघेही गिअरबॉक्सला एक ठरलेली मर्यादा आहे असे धरून बोलत आहेत. तशी मर्यादा कागदावर असते. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी५० या गिअरबॉक्सची नेमस्त क्षमता ५०० न्यूटन-मीटर आहे, आणि फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० ची २५० आहे. हे आकडे लाखो किलोमीटर आणि सर्व प्रकारचे चालक गृहीत धरून ठरवलेले असल्यामुळे त्यांच्या वर थोडी जागा शिल्लक असते हे खरेच. पण ती जागा किती, हे गिअरबॉक्सपेक्षा त्याला मिळणाऱ्या माहितीवर जास्त अवलंबून असते, आणि ट्यूनिंगच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा मागे पडतो याचे मला फार वाईट वाटते.

आतले काम असे चालते. गिअर बदलतात ते आतले क्लच, आणि क्लच म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा. क्लचची टॉर्क वाहण्याची क्षमता चार गोष्टींच्या गुणाकारातून येते: घर्षणगुणांक, प्लेटा दाबणारे बल, प्लेटांची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यांपैकी चालत्या गाडीत नियंत्रकाच्या, म्हणजे टीसीयूच्या, हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे ऑइलच्या दाबातून मिळणारे बल. हा दाब किती ठेवायचा हे टीसीयू इंजिनाच्या ईसीयूकडून येणाऱ्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो. ईसीयूने ‘मी ५०० देतो आहे’ असे कळवले, तर टीसीयू ५०० ला पुरेल इतका दाब आणि त्यावर थोडी राखीव एवढेच देणार. आता पुष्कळ ट्यूनमध्ये मूळ टॉर्कमर्यादा ओलांडण्यासाठी हे टॉर्कचे गणितच बदलले जाते, ज्यामुळे इंजिन प्रत्यक्षात ६५० देत असताना कळवलेला आकडा ५०० च्या जवळच राहतो. प्लेटा त्यामुळे कमी दाबात जास्त टॉर्क झेलत राहतात आणि घसरतात. प्लेटा ६५० साठी पुरेशा असल्या, तरी त्यांना त्यासाठी लागणारा दाबच मिळत नाही.

घसरण्याची किंमत किती असते याचा ढोबळ हिशेब देतो. ८एचपीच्या पहिल्या पिढीत तिसऱ्या गिअरचे प्रमाण २.१०६ आणि चौथ्याचे १.६६७ आहे. ६००० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिनाला सुमारे ४७५० वर यावे लागते, म्हणजे १२५० फेऱ्यांचा फरक प्लेटांनी घासून मिटवायचा असतो. ४५० अश्वशक्ती ६००० फेऱ्यांवर मिळत असेल तर तिथला टॉर्क ५२७ न्यूटन-मीटरच्या आसपास भरतो. हा बदल ०.२ सेकंदात उरकला तर सुमारे ७ किलोज्यूल उष्णता तयार होते, जिने अर्धा किलो पोलाद जेमतेम ३० अंशांनी तापेल. तोच बदल घसरत घसरत ०.६ सेकंद चालला तर २१ किलोज्यूल, म्हणजे तेच पोलाद ९० अंशांच्या आसपास तापणार, आणि तेही आधीच तापलेल्या ऑइलच्या वर. इंजिनाच्या फिरत्या वस्तुमानातली ऊर्जा यात मी धरलेलीच नाही. असे पाठोपाठ चार-पाच वेळा झाले की प्लेटेवरचे घर्षणद्रव्य काचेसारखे गुळगुळीत होते, घर्षणगुणांक उतरतो, आणि पुढच्या वेळी घसरण आणखी वाढते. म्हणून तुमच्या काट्याची ती तीनचारशे फेऱ्यांची उडी मी लहान समजणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की क्लचच्या प्लेटांना अश्वशक्ती कळत नाही, टॉर्क कळतो. ६५० न्यूटन-मीटर २५०० फेऱ्यांवर आले तर शक्ती केवळ २३० अश्वशक्तीच होते, पण प्लेटांवरचा भार ४५० अश्वशक्तीच्या शिखरापेक्षा जास्त असतो. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो, आजकाल खालच्या फेऱ्यांवरच लागतो, त्यामुळे टर्बो इंजिनाचा खालचा भरगच्च टॉर्क सर्वांत आधी त्याच्या वाट्याला येतो. ताशी ८० ला होणारी ती थरथर मला तिथलीच वाटते.

तेव्हा पहिली विनंती अशी की गिअरबॉक्स उघडण्याआधी एक लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घ्या. त्यात कळवलेला टॉर्क, इंजिनाच्या फेऱ्या, कन्व्हर्टरच्या पलीकडच्या टर्बाइनच्या फेऱ्या आणि गिअरबॉक्स ऑइलचे तापमान या चार रेषा हव्यात. लॉक-अप लागलेला असताना इंजिन आणि टर्बाइन यांच्या फेऱ्यांमध्ये भार वाढताच फरक पडू लागला, तर घसरण कुठे आहे हे तुम्हाला घरबसल्या समजेल.

धरमपेठ_१० यांचे उत्तर

माझा अनुभव वेगळ्या प्रकारच्या गिअरबॉक्सचा आहे, तरी तो येथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या आधीच्या हॅचबॅकमध्ये कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता आणि मी इंजिन त्याच्या नेमस्त क्षमतेच्या बरेच वर ट्यून केले होते. मोकळ्या रस्त्यावर त्याने मला कधीच दगा दिला नाही. तो गेला सीताबर्डीच्या गर्दीत. कोरड्या क्लचला उष्णता वाहून नेणारे ऑइल नसते, त्यामुळे पायी चालण्याच्या गतीने गाडी सरकत असताना क्लच अर्धवट लागून घासत राहतो आणि सगळी उष्णता त्याच्याच अंगात साठते. ओल्या क्लचच्या गिअरबॉक्समध्ये ती ऑइलमध्ये जाते, म्हणून त्यांची टॉर्कक्षमता जास्त असते आणि म्हणूनच त्यांचे ऑइल बदलावे लागते. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या डीक्यू२५० ला ते दर ६०,००० किलोमीटरला सांगितलेले आहे.

क्लच बदलल्यावर मी पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकणे सोडून दिले. दोन गाड्यांइतकी जागा होईपर्यंत ब्रेकवर थांबायचे आणि मग एकदाच सुटायचे, एवढी एकच सवय मी बदलली. त्या क्लचने त्याच ट्यूनवर गाडी विकेपर्यंत साथ दिली. एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो: ट्यून केलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सवर वॉरंटीचा दावा टिकेल हे गृहीत धरू नका, आणि केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

कामठीचा_मिस्त्री यांचे उत्तर

मी गिअरबॉक्स उघडण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे हातात आलेल्या वस्तूंबद्दलच लिहितो.

प्रथम ऑइल काढून पाहा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. तो करडा-तपकिरी असेल तर फारसे बिघडलेले नाही. काळा असेल आणि त्याला जळालेल्या वातीसारखा वास येत असेल, तर घर्षणद्रव्य जळालेले आहे. ऑइल पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी लोण्यासारखा बारीक लेप असणे ही रोजची झीज आहे. त्यात बोटाला टोचणारे चमकते कण लागले तर गिअर किंवा बेअरिंगचा प्रश्न आहे, आणि मग ट्यूनची चर्चा बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडावाच लागतो. जळालेल्या क्लचची पोलादी प्लेट मी कितीतरी वेळा उन्हात धरून पाहिली आहे. तिच्यावर मोराच्या पिसासारखे निळे-जांभळे डाग एका वर्तुळात उठलेले असतात, आणि शेजारच्या घर्षणप्लेटेच्या खाचा भरून येऊन ती आरशासारखी लकाकत असते. अशी प्लेट पुन्हा बसवू नये.

आयुष्यभराच्या ऑइलची समजूत मनातून काढून टाका. झेडएफ स्वतः ८एचपीचे ऑइल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते, आणि ट्यून केलेल्या गाडीत मी ५०,००० च्या पुढे थांबत नाही. या प्रकारच्या अनेक गिअरबॉक्समध्ये पॅन प्लॅस्टिकचे असून फिल्टर त्यातच असतो, म्हणून दोन्ही एकत्र बदलावे लागतात.

नागपुरात एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच तपासायची असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश असते, आणि दुपारी गाडी लिफ्टवर घेतली की पॅन हात लावू देत नाही. तापून फुगलेले ऑइल भोकातून जास्त बाहेर येते, मिस्त्री बूच लावतो, आणि रात्री गार झाल्यावर गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी भरते. पुढे वळणावर किंवा जोरात सुटताना पंपाने हवा ओढली की दाब कोसळतो आणि प्लेटा घसरतात. मी उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला, गाडी रात्रभर शेडमध्ये उभी ठेवून करतो.

कूलरबद्दलही लिहितो. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनाच्या कूलंटने गार केले जाते, त्यामुळे कूलंट ९५ अंशांवर असेल तर ऑइल त्याच्या खाली जाऊच शकत नाही. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला लॉक-अप लागलेला असतो आणि कन्व्हर्टरमध्ये उष्णता जवळजवळ तयार होत नाही. गर्दीत मात्र कन्व्हर्टर सुटा असतो आणि आतल्या आत ऑइल घुसळत बसतो. म्हणून हवेने गार होणारा वेगळा कूलर थर्मोस्टॅटसह, आणि रांगेतही हवा मिळावी म्हणून पंख्यासह बसवावा.

जास्त प्लेटांचे क्लच शेवटी येतात. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये आजही जनरल मोटर्सचा १९६४ सालचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आणि दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड वापरतात. गिअर कमी म्हणजे बदल कमी, आणि प्लेटांना व शाफ्टला जागा भरपूर. आठ गिअरांच्या आजच्या गिअरबॉक्समध्ये तेवढी मोकळी जागा नसते, म्हणून जास्त प्लेटा बसवण्यासाठी प्लेटा पातळ कराव्या लागतात, आणि पातळ पोलादात उष्णता साठवण्याची ताकद कमी होते. हा सौदा नीट समजून करायचा असतो.

अमरावती_रोड यांचा पुढील मजकूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले सगळे करून पाहायचे होते.

लॉग घेतला. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर कळवलेला टॉर्क ५०५ वर जाऊन तिथेच सरळ रेषेत थांबलेला दिसला. हिंगणाकरांचे उत्तर ट्यूनरला दाखवले. त्यांनी न रागावता मान्य केले की दोन वर्षांपूर्वी ती मर्यादा त्यांनी तशी झाकली होती. आता टॉर्कचे गणित खरे केले आहे, गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये दाब आणि मर्यादा त्यानुसार वाढवल्या आहेत, आणि ३००० फेऱ्यांच्या खालचा टॉर्क ५५० वर आणला आहे. ऑइल, पॅन आणि फिल्टर सकाळी सहा वाजता बदलले. थेंब गडद तपकिरी होता, जळका वास हलका होता, चुंबकांवर लेप होता पण कण नव्हते. त्यानंतर गिअरबॉक्सचे अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे क्लचचे दाब जुळवून घेणे, पुन्हा शिकवून घेतले.

तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना काटा आता सरळ खाली येतो. मात्र ताशी ८० ची थरथर कमी झाली असली तरी पूर्णपणे गेलेली नाही. नव्या लॉगमध्ये लॉक-अप लागलेला असताना ४० ते ६० फेऱ्यांचा फरक अधूनमधून दिसतो. ऑइल आणखी एकदा बदलून पाहावे का?

कामठीचा_मिस्त्री यांचे उत्तर

एकदा बदलून पाहा, कारण पहिल्या बदलात कन्व्हर्टर आणि कूलरमधले जुने ऑइल पुरते निघत नाही. त्यानंतर हजारभर किलोमीटर चालवूनही तो फरक राहिला, तर लॉक-अपचे अस्तर, म्हणजे त्याचा घासणारा थर, लकाकलेले आहे असे समजा आणि कन्व्हर्टर बदला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण उघडावा लागणार नाही. कूलर त्याच वेळी बसवून घ्या आणि जुन्या कूलरच्या नळ्या धुऊन घ्यायला विसरू नका, कारण जळालेल्या अस्तराची भुकटी तिथेच अडकलेली असते आणि ती नव्या कन्व्हर्टरमध्ये जाते. मोठ्या टर्बोचे पैसे तोपर्यंत बाजूला ठेवा.

हिंगणा_एमआयडीसी यांचे उत्तर

मिस्त्रीभाऊंशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त कन्व्हर्टर बदलल्यावर लगेच पूर्ण टॉर्क देऊ नका. नवे अस्तर बसेपर्यंत पाचशे किलोमीटर सौम्य चालवा, आणि पुढच्या मे महिन्यात, दुपारच्या गर्दीतून बाहेर पडल्यानंतरचा लॉग येथे जरूर टाका. हिवाळ्यातल्या लॉगवरून मी मोठ्या टर्बोला होकार देणार नाही.