घुसखोर, स्थलांतरित का 'जगाले गेलेला'?

धानाचा कडप (मूल):
मंडळी एक अडचण हाय. पोरगी अकरावीत हाय, कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा, विषय भेटला 'अवैध स्थलांतर आणि शेजारी देशांचे आर्थिक सहकार्य'. तिनं दोन पानं लिहून काढले अन प्रत्येक ओळीत घुसखोर. मी म्हटलं बाई, तुहा मामा दरसाल धान निघाला का पिशवी भरून तेलंगणात मिरची तोडाले जाते, तीन महिने तंबूत रायते, येताना पोतंभर मिरची आणते, त्याले कोणी घुसखोर म्हणते का? तं म्हणे बाबा ते राज्य हाय अन हा देश हाय. बरोबरच हाय म्हणा. पण मंग शब्द कोणता वापराचा? मामाले गावात सारे 'जगाले गेला' म्हणते, म्हणजे पोट भराले गेला, ते काही स्टेजवर चालत नाही.

संत्र्याची फोड (वरुड):
भाऊ पयले एक गंमत ऐका. आमच्या इकडं पाच-दहा किलोमीटरवर एमपी लागते. तिकडच्या माणसासमोर 'घुसखोर' म्हटलं का तो समजते लाच खाणारा, कारण हिंदीत घूस म्हणजे लाच. घुसखोराले ते 'घुसपैठिया' म्हणतात. अन आपल्या मराठीत घूस म्हणजे कोठीतलं धान्य उकरणारी ती मोठी उंदरासारखी. माझी आजी घुशीच्या बिळात मिरच्यांचा धूर सोडे, साऱ्या घराले ठसका लागे अन घूस मस्त शेजाऱ्याच्या घरी.

मास्तर (चामोर्शी):
घुशीचा संबंध नाही हो, तो 'घुसणे' क्रियापदातला घुस. पण खरी मेख मागच्या 'खोर'मध्ये आहे. हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा, लाचखोर हरामखोर मध्ये तो अर्थ अजून दिसतो, आणि मराठीत आल्यावर तो सवय दाखवायला लागला, भांडखोर म्हणजे एकदा भांडलेला नव्हे तर ज्याचा स्वभावच भांडायचा. म्हणजे घुसखोर म्हटलं की आपण माणसाच्या कृतीबद्दल नाही तर जातकुळीबद्दल बोलून बसतो. शस्त्र घेऊन सीमा ओलांडणाऱ्याला तो शब्द चपखल आहे, वीटभट्टीवर कामाला आलेल्याला नाही. कागद नसतील तर कायदा मोडलाच, त्यात वाद नाही, पण त्यासाठी 'विनापरवाना आलेला' हा सरळ शब्द आहे की.
आणि निर्वासित वेगळा. आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत, चंद्रपुरात तर चौकालाच बंगाली कॅम्प म्हणतात. ही मंडळी फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आली, सरकारनंच इथं आणून वसवली. तेव्हा बांगलादेश नावाचा देशच नव्हता, तो १९७१ चा. माझ्या वर्गात ती मुलं माझ्यापेक्षा बरं मराठी लिहितात, आणि बाजारात भांडण झालं की लोक त्यांना एका शब्दात 'बांगलादेशी' करून टाकतात. शब्द ढिला वापरला की असं होतं.

वाट्याची पाटी (आर्णी):
गुरख्याचं घ्या ना. आमच्या इकडं रात्री दोनले शिट्टी वाजवत, काठी आपटत जाते, पयल्या आठवड्यात दारावर येते, वीस रुपये द्या. तो नेपाळचा. त्याले कोणी घुसखोर म्हटल्याचं ऐकलं का? १९५० चा करार हाय भारत-नेपाळचा, तिकडच्यानं इथं रायावं, काम करावं, आपल्यानं तिकडं. म्हणजे माणूस तोच, पोट तेच, कागदानं शब्द बदलला. अन विषयातल्या 'आर्थिक सहकार्य'चं काय? आमच्या इकडं सहकार म्हटलं का लोकाले बुडालेली बँक आठवते 😀

मास्तर (चामोर्शी):
सहकार आणि सहकार्य वेगळं ताई. सहकार म्हणजे सोसायटी, सूतगिरणी, भागधारक. सहकार्य म्हणजे नुसता हातभार. देशादेशांत होतं ते सहकार्य. पोरीला याचं चांगलं उदाहरण हवं असेल तर 'सीमा हाट' द्या. भारत-बांगलादेश सीमेवर, मेघालयात कालाईचर इथं २०११ मध्ये पहिला भरला. ठरल्या दिवशी दोन्हीकडच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गावांनी यायचं, भाजी, फळं, गावठी माल विकायचा-घ्यायचा, शुल्क नाही, फक्त माणशी खरेदीला मर्यादा. जो माल आधी रात्री तारेखालून जायचा तो दिवसा टोपलीत बसून विकायला लागला. हाट हा संस्कृत 'हट्ट'वरून, आपल्याकडंही हाटबाजार म्हणतातच.

संत्र्याची फोड (वरुड):
हाटाचं ठीक हाय मास्तर, पण मोठ्या मालाचं काय. आमचा संत्रा सगळ्यात जास्त बांगलादेशात जाये. २०१९ ले किलोमागं २० रुपये आयात शुल्क होतं, वाढवत वाढवत २०२३ ले ८८ वर नेलं. इथं व्यापाऱ्यानं सौदे सोडले, झाडाखाली सडा पडला अन राज्य सरकारले शुल्काच्या निम्मं अनुदान जाहीर करा लागलं. आता तिकडून कोण आलं म्हून बोंब मारते सारे, पण इकडून गाडी काऊन थांबली याच्यावर कोणी भाषण ठेवत नाही. दोन्ही एकाच बॉर्डरच्या गोष्टी हायेत बापा.

वाट्याची पाटी (आर्णी):
पण नुसता व्यापार उघडला का माणूस थांबते असं पोरीले लिहू देऊ नका. १९९४ ले अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोनं नाफ्टा नावाचा व्यापार करार लागू केला, तवा सांगत होते का मेक्सिकोत काम भेटन अन लोक अमेरिकेत जाणार नाही. झालं काय, अमेरिकेची सबसिडीवाली स्वस्त मका तिकडं आली, लहान शेतकरी वावर सोडून निघाला, अन विनाकागद जाणारे पुढची कित्येक वर्षं वाढतच गेले. आपल्या कापसानं अमेरिकेच्या सबसिडीचा मार खाल्लाच हाय, समजाले जड नाही. अन अजून एक, एकदम गरीब माणसाजवळ निघाले भाडंच नसते, थोडा पैसा आला का मंग तो पयले निघते. म्हून 'सहकार्य' या शब्दाले पोरीनं विचाराव, कोणाचं, कोणत्या मालाचं, अन वावरवाल्याले काय भेटलं.

धानाचा कडप (मूल):
लय धन्यवाद मंडळी. पोरीनं घुसखोर खोडून 'विनापरवाना आलेले मजूर' केलं, एका ठिकाणी मुद्दाम ठेवला, 'खोर'चं मास्तरांचं सांगाले. मामाचं 'जगाले गेला' पण पयल्याच वाक्यात घातलं, मले इचारत होती सर मार्क कापतीन का. आता एकच रायलं, संत्र्याच्या शुल्काले 'जकात' म्हटलं तं चालन का?

मास्तर (चामोर्शी):
जकात आता गावाच्या नाक्यावरची, तीही गेली. देशाच्या वेशीवर 'सीमाशुल्क' म्हणा नाहीतर आयात शुल्क. आणि मार्क कापले तर मला सांगा.

संत्र्याची फोड (वरुड):
अन मामाले म्हणा, येताना आमच्यासाठी पण दोन किलो मिरची. घुशीसाठी नाही, ठेच्यासाठी.