जॉइनव्हिली (ब्राझील): कारखान्यांच्या गावातला स्वस्त, शांत मुक्काम. तुमचे अनुभव सांगा

मुठाकाठ
ब्राझील म्हटलं की रिओ, कार्निव्हल, ॲमेझॉन. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. पण आपल्यातले कितीतरी जण तिथे जातात ते यंत्र बसवायला, माल तपासायला, प्रशिक्षणाला. म्हणजे थेट कारखान्यांच्या गावात. तिथे उतरावं कुठे, रात्री झोप लागते का, सकाळी पोटात काय पडतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

गाव एकच धरू या, म्हणजे पुढे जाणाऱ्याच्या हाती काही ठोस लागेल: सांता कातारिना राज्यातलं जॉइनव्हिली. २०२२ च्या जनगणनेत वस्ती ६ लाख १६ हजार, राजधानी फ्लोरियानोपोलिसपेक्षाही जास्त. तुपी कंपनीची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, १९३८ सालची, तिग्रेचे पीव्हीसी पाइप इथलेच, फ्रिजचे कॉम्प्रेसर बनवणारा एम्ब्राकोचा कारखानाही इथलाच.

सुरुवात माझ्यापासून. कंपनीनं सुचवलेलं हॉटेल महामार्गालगत होतं आणि रात्रभर ट्रकांचा आवाज. ओळखीतल्या एकीनं मध्यवस्तीजवळच्या एका पोउझादाचं नाव सांगितलं. पोउझादा म्हणजे घरगुती अतिथिगृह. बैठं घर, मागे अंगण, मोजक्या खोल्या, मालकीणबाई त्याच आवारात राहणाऱ्या. भाडं हॉटेलच्या निम्म्याहून कमी आणि न्याहारी त्यातच. खोलीत पलंग, टेबल, पंखा, खिडकीला जाळी. बस. पण दहा वाजले की आवारात चिटपाखरू नाही. मला तिथे जी झोप लागली ती महागड्या हॉटेलांत लागलेली नाही, हे मी मनापासून सांगते.

रंकाळाकाठ
कोल्हापूरचा, फाउंड्रीवाला. बीडकामात, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामातच हयात गेली, त्यामुळे या गावाबद्दल आधीपासून ऐकून होतो. इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतणारी तुपीएवढी मोठी फाउंड्री जगात फार ठिकाणी नाही. कारखाना बोआ व्हिस्ता भागात, डोंगराच्या पायथ्याला. मी त्याच बाजूला उतरलो होतो.

फाउंड्रीजवळ राहायचं म्हणजे धूळ आणि धडधड, असं मनात होतं. तसं काही नाही निघालं. वस्ती जुन्या कामगारांची, छोटी टुमदार घरं, दारात फुलझाडं, आणि सकाळी सायकली. सायकलींचं गाव म्हणून त्याची जुनी ओळख आहे. पहिली पाळी पहाटेच सुरू होते, त्यामुळे अंधार असतानाच रस्त्यावर माणसं. बोलणं जवळजवळ नाहीच. नुसता चाकांचा आणि साखळीचा आवाज. मी खिडकीत उभा राहून ते बघत बसायचो.

मालक स्वतः निवृत्त कामगार. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज. पण मी मोबाइलवर आमच्या मोल्डिंग लाइनचा, म्हणजे वाळूचे साचे बनवतात तिथला, फोटो दाखवला आणि गडी खूश. वाळू चिमटीत धरून दाबायची खूण केली त्यांनी. ओलावा बघायची ती खूण जगभर सारखीच. त्या दिवसापासून मला कॉफी त्यांच्या स्वयंपाकघरात.

आणि एक, कोल्हापूरकरांसाठी खास. शहराच्या उत्तरेला पिराबेइराबा म्हणून भाग आहे. तिथे इस्त्रादा बोनिता नावाचा शेतातून जाणारा रस्ता, जुन्या जर्मन शेतकरी कुटुंबांची घरं. तिथे बरणीत मेलादो विकतात. उघडून बघितलं तर काकवी! रंग, वास, तार, सगळं आपलं. मालकीणबाई ती उकडलेल्या कसाव्यावर, म्हणजे साबुदाण्याच्या कंदावर, ओतून देत. लई भारी लागतं.

चिंचगूळ
शाकाहारी लोकांसाठी लिहिते. न्याहारीची काळजी नको: पाव, लोणी, चीज, पपई, केळी, मक्याच्या पिठाचा केक, आणि जर्मन पद्धतीचा वरून साखरेचा चुरा असलेला ‘कुका’. कॉफीचा थर्मास कायम भरलेला. ताटलीत चीजशेजारी हॅमचे काप असतात, एकाच चमच्यानं वाढू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुपारचं जेवण वजनावर विकणाऱ्या खानावळीत. ताट घ्यायचं, हवं ते वाढायचं, काट्यावर ठेवायचं. भात, बीट, पालमितो म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा, तळलेला कसावा. शाकाहारी माणसाला हीच व्यवस्था सगळ्यात सोयीची, कारण डोळ्यांनी बघून घेता येतं. काळ्या घेवड्याच्या उसळीत मात्र बहुतेकदा डुकराचं मांस असतं, ते विचारूनच घ्या. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी आणि हॅम येऊ शकतं. एकेक नाव घेऊन नको म्हणायचं.

मी उतरले होते तिथे संध्याकाळी स्वयंपाकघर वापरायची मुभा होती. तुरीची डाळ मिळाली नाही, मसूर मिळाली. हळद, जिरे, कोथिंबीर, भेंडी सगळं सुपरमार्केटात आहे. प्रेशर कुकर प्रत्येक घरात, कारण घेवडा रोजचा. त्याची शिट्टी आपल्यासारखी थांबून थांबून होत नाही. एकदा वाफ धरली की वजन गरगर फिरत राहतं आणि एकसारखं सूं सूं चालतं. मग वेळ घड्याळावर धरायची.

कर्जतवाला
थोडक्यात, खोलीतल्या गोष्टी.
सांता कातारिनात वीज २२० व्होल्ट, त्यामुळे आपले चार्जर, इस्त्री बिनघोर चालतात. साओ पावलोत बहुतेक ठिकाणी १२७ आहे, तिथून इथे येताना घेतलेली वस्तू लावण्याआधी बघा. मोबाइलची बारीक दोन पिनांची पिन बसते, आपली जाड तीन पिनांची बसत नाही.
आंघोळीचं पाणी शॉवरच्या तोंडाशीच विजेवर तापतं. नळ जितका बारीक सोडाल तितकं पाणी गरम. पाणी चालू असताना वरचं बटण फिरवू नका.
शौचालयात कागद टोपलीत टाकायचा, भांड्यात नाही. बऱ्याच ठिकाणी हातात धरायचा फवारा असतो, आपल्या माणसाला तेवढाच आधार.

घुंगरू
जुलैत जाणार असाल तर खोली फार आधी धरा. १९८३ पासून दर वर्षी जुलैत इथे नृत्यमहोत्सव भरतो आणि देशभरातून नाचणारी मुलं येतात. कित्येक संघ शाळांच्या वर्गांत पथारी टाकून झोपतात, तरी गावात जागा उरत नाही. मी साओ पावलोत राहते, मुद्दाम त्यासाठी गेले होते. रशियाबाहेरची बोल्शोई बॅलेची एकमेव शाळाही इथेच आहे, २००० सालापासून. महोत्सवाचं मुख्य सभागृह आणि ही शाळा एकाच इमारतीत.

आमच्या पोउझादात त्या आठवड्यात दोन जगं एकत्र नांदत होती. एका टेबलावर केसांचा अंबाडा घट्ट बांधलेल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, पायांची बोटं पट्ट्यांनी गुंडाळलेली. दुसऱ्या टेबलावर निळ्या गणवेशातले कामगार. एक गृहस्थ रोज उठून त्या मुलींच्या कपांत दूध ओतून देत आणि ‘आज कुठला नाच?’ म्हणून विचारत. शेवटच्या दिवशी ते पाळीवरून थेट कार्यक्रमाला आले, गणवेशातच. लोखंडाच्या गावात नाच एवढा रुजलाय याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि ते पंचतारांकित हॉटेलात बसून कळलं नसतं.

तिसरी_पाळी
नाशिकचा, मशीन टूल्समधला. यंत्र उत्पादनात घालायचं काम होतं आणि कारखान्याला दिवसा लाइन मोकळी देता येत नव्हती. त्यामुळे माझी पाळी रात्रीची. दिवसा झोपणाऱ्या माणसाला कुठल्याही लॉजमध्ये काय सोसावं लागतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक: दारं आपटतात, झाडूवाला दार ठोठावतो, कुणीतरी जिन्यात फोनवर ओरडतं. एका नेहमीच्या हॉटेलात मी हे भोगून आलो होतो.

इथे पहिल्या सकाळी परतलो तर मालकीणबाईंनी माझी बॅग मागच्या खोलीत हलवलेली. ती खोली अंगणाकडे, स्वयंपाकघरापासून लांब, खिडकीला लाकडी झडप. दाराच्या मुठीला लाल फीत बांधलेली. फीत म्हणजे आत पाळीचा माणूस झोपलाय. त्या बाजूची झाडलोट मग दुपारी दोननंतर. पाहुणे तिकडून जाताना चपला हातात घेत. मालकीणबाईंचा कुत्रासुद्धा तिकडच्या फरशीवर नुसता पसरलेला असायचा. अशा फिती त्या वेळी आणखी दोन दारांवर होत्या. या गावातल्या स्वस्त खोल्या शांत असतात त्या उगाच नाही. तिथे उतरणाऱ्यांपैकी निम्मे कायम झोपेच्या थकबाकीत असतात आणि घर त्यांच्या वेळेवर चालतं.

शेजारच्या खोलीत दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुलचा एक फिटर होता. त्याच्याकडे भोपळ्याचं भांडं आणि धातूची नळी, त्यात माते नावाची कडवट हिरवी पत्ती आणि गरम पाणी. संध्याकाळी पाळीवर निघण्याआधी आम्ही अंगणात बसायचो. भांडं एकच, ते फिरतं. तुमच्या हातात आलं की पाणी संपेपर्यंत तुम्ही प्यायचं, मग परत त्याच्याकडे. आभार मानले की आता नको असा अर्थ होतो, हे त्यानंच खुणेनं शिकवलं. भारत साडेआठ तास पुढे, त्यामुळे घरी मुलं झोपलेली असायची. त्या एकट्या तासाला या माणसानं फार सोबत केली.

शेवंती
एकट्या बाईनं राहण्याबद्दल: मला भीती वाटली नाही, पण मी काळजी घेतली. फाटक कायम बंद, बेल वाजवली की आतून बघून उघडतात. अंधार पडल्यावर चालत न येता ॲपवरची टॅक्सी. रविवारी मध्यवस्ती ओस पडते, खानावळीही बंद, तेव्हा शनिवारीच काही आणून ठेवावं.

पावसाची तयारी करूनच जा. गावाला लोक गमतीनं शूव्हिली म्हणतात, शूव्हा म्हणजे पाऊस. समुद्र एकीकडे, डोंगर दुसरीकडे, ढग मध्ये अडकतात. धुतलेले कपडे कोकणातल्या श्रावणासारखे दिवसेंदिवस दमट. थंडीत खोल्यांमध्ये हीटर नसतात, जाड रजई मागून घ्या. डासांसाठी मलम हवंच, डेंग्यू तिथे आहे.

खापरशोध
पुण्यात पुरातत्त्व शिकत होतो तेव्हा गेलेलो. मला गावात खेचलं ते सांबाकी संग्रहालयानं. सांबाकी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या लोकांनी शिंपल्यांचे रचलेले ढिगारे, त्यांत दफनंही सापडतात. बाबितोंगा उपसागराभोवती असे कितीतरी आहेत. कारखान्यांसाठी येणाऱ्यांनीही एक दुपार तिथे काढावीच. पोउझादाच्या मालकांना मी तिथे जातो याचा एवढा आनंद झाला, की त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून पामच्या झाडांच्या त्या प्रसिद्ध गल्लीत आणि स्थलांतर संग्रहालयात नेलं. १८५१ मध्ये आलेल्या जर्मन, स्विस, नॉर्वेजियन लोकांची गोष्ट तिथे आहे. ही जमीन ब्राझीलच्या राजकन्येचा हुंडा होती. तिचा नवरा फ्रेंच राजपुत्र, त्याच्या पदवीवरून गावाचं नाव. तो स्वतः इथे कधी राहिला नाही.

मुठाकाठ
किती छान लिहिलंत सगळ्यांनी. @तिसरी_पाळी, लाल फितीचं वाचून भरून आलं. एक भर घालते: डिसेंबरच्या शेवटी कारखाने सामूहिक सुट्टी देतात आणि गाव समुद्राकडे, साँव फ्रान्सिस्को दो सुलकडे पळतं. तेव्हा खोली सहज मिळते, पण मालकही सुट्टीवर असू शकतात. न्याहारी मिळणार का, ते लिहून विचारा.

नवखा_सातारकर
पुढच्या महिन्यात जातोय. पाळी सकाळची, साडेचारला निघायचंय. पोहोचायचं कसं, पैसे कसे द्यायचे? आणि एवढ्या लवकर न्याहारी कोण देणार?

रंकाळाकाठ
@नवखा_सातारकर, जॉइनव्हिलीचा विमानतळ धुक्यानं कधी कधी बंद पडतो. कुरितीबाला उतर, तिथून साधारण १३० किलोमीटर, बस मिळते. तिकिटाला पासपोर्ट लागतो. लहान ठिकाणी लोक पिक्सवर, म्हणजे आपल्या यूपीआयसारख्या सोयीवर, पैसे घेतात, त्याला तिथलं बँक खातं लागतं. तेव्हा कार्ड चालेल का ते विचारून ठेव आणि थोडी रोख जवळ ठेव. पोहोचल्यावर पाहुण्यांच्या नोंदणीचा फॉर्म भरून घेतात, तो सरकारी आहे, घाबरू नको.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घे आणि ती घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव. परत येताना आपल्या विमानतळावर ते मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात.

न्याहारीचं म्हणशील तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं. मी उतरलो होतो तिथे रात्रीच पाव, चीज आणि केळी फडक्याखाली झाकून ठेवत, नावाची चिठ्ठी लावून. शेजारी थर्मास. साडेचारला कॉफी वाफाळती असायची. मालकीणबाई त्यासाठी चारला उठत. त्यांचा नवरा पण नोकरीत असताना त्याच पाळीला जायचा.