पेशीसांगाडा, पेशीकंकाल की आणखी काही?

(भाषांतराविषयीची चर्चा; तळटीप, काकपद, उकार आणि अनुनासिक ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप: गर्भविज्ञानाच्या मजकुराचं भाषांतर चालू आहे. सायटोस्केलेटनला, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या आतल्या तंतूंच्या जाळ्याला, मी पेशीकंकाल लिहिलं, संपादकांनी पेशीसांगाडा केलं. आता वाक्य झालंय: 'पेशीसांगाडा आकसतो आणि मज्जापट्टी वळून तिची नळी होते.' (मज्जापट्टी म्हणजे गर्भातली ती पट्टी, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात.) सांगाडा आकसेल कसा?

काकपद: कंकाल हिंदीत रुळला, मराठीत सांगाडाच. बसचाही सांगाडा असतो, हाडंच हवीत असं नाही. इथे चुकलंय ते वाक्य. अख्खा सांगाडा आकसतच नाही. पेशीच्या वरच्या तोंडाशी अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं कडं असतं, मायोसिन हे दुसरं प्रथिन ते ओढतं. बटव्याची नाडी ओढल्यावर होतं तसं तोंड अरुंद होतं, बूड रुंद राहतं, पेशी पाचरीसारखी होते. अशा पाचरी शेजारी शेजारी आल्या की पट्टी वळते. 'अ‍ॅक्टिनचं कडं आवळतं' लिहा.

उकार: 'आवळतं' उत्तम. नाडी मात्र नको, वैद्यकाच्या मजकुरात वाचक मनगट धरेल. आणि कडं आवळलं नाही तर काय होतं तेही द्या. उंदरांत श्रूम-३ हे प्रथिन बिघडलं की डोक्याकडची नळी उघडीच राहते. माणसात ही नळी २८व्या दिवसाच्या सुमारास पूर्ण मिटते.

तळटीप: पुढे वृद्धीशंकू आहे, चेतातंतूचं वाढतं टोक. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भात दाखवलेलं. तिथे तर सांगाडा सतत मोडतो आणि जुळतो.

उकार: म्हणूनच सांगाडा फसवा. मांडव म्हणा, उभारता येतो, उतरवता येतो.

काकपद: मांडव कुणीतरी बाहेरून उभारतो. इथे पुढच्या बोटांसारख्या फाट्यांत अ‍ॅक्टिन तंतू टोकाला जुळत जातात, मागे सुटत जातात. मागून सांगाड्याच्याच २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका शिरतात. टोकाशी जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू धरलेले ट्युब्युलिन या प्रथिनाचे घटक टोपणासारखे आहेत तोवर नलिका वाढते, ते टोपण गेलं की झरझर उसवते. 'उसवणे' हेच क्रियापद ठेवा, 'विघटन होणे' नको.

अनुनासिक: मुळात मज्जापट्टी का? मज्जा म्हणजे हाडातला मगज. चेतापट्टी म्हणा.

काकपद: मज्जासंस्था, मज्जारज्जू शाळेपासून तोंडात आहेत. व्युत्पत्तीसाठी रुळलेले शब्द उपटायचे नाहीत.

अनुनासिक: तळटीप यांनीच चेतातंतू लिहिलंय. एकाच पानावर चेता आणि मज्जा दोन्ही? आणि त्याच पुस्तकात अस्थिमज्जा आली तर?

तळटीप: आलीय. रक्तपेशींच्या प्रकरणात, अकरा वेळा.