अनुभव धागा: गावाबाहेरची घार

घार कुणी पाहिली नाही असं नाही, पण बहुतेकांनी ती मटणाच्या दुकानावर नाहीतर कचरा डेपोवर पाहिलेली असते. पक्षी बघायला निघालेली मंडळीसुद्धा "घारच आहे" म्हणून दुर्बीण खाली करतात. इथे रानातल्या, शेतातल्या, किनाऱ्यावरच्या घारींबद्दल लिहा. कोणती घार, काय करत होती, सोबत कोण होतं? फोटो नसला तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. मृगाचा पाऊस पडून गेला की वारुळातून पंखवाल्या वाळव्या उठतात. भोरच्या बाजूला एकदा त्यांच्यावर घारींची झुंबड पाहिली. वाळवी पंज्यात धरायची आणि उडता उडताच पाय चोचीशी न्यायचा. उंदरापासून मढ्यापर्यंत काहीही खाणारा पक्षी इतक्या चिमुकल्या घासासाठी तासभर घिरट्या घालत होता.

ऊसवाला (सांगली जिल्हा)
तोडणी झाली, पाचट पेटवलं, की धुरावर घारी हजर. आधी आभाळात एकही नसते. जाळाच्या कडेकडेने फिरतात आणि पळणारे उंदीर, सरडे, टोळ उचलतात. मागे बगळे, कोतवाल पक्षीही असतात. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच घार जळती काटकी उचलून पुढच्या गवतात टाकते, असं तिथले आदिवासी सांगतात. आमच्याकडे तसं कधी दिसलं नाही. (पाचट जाळू नये, कुजवावं हे मलाही कळतं. तो वाद इथे नको.)

माळकरी
माझी आवडती कापशी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास हमखास दिसते. करडी-पांढरी, खांदे काळे, डोळे लालभडक. आकाराने कावळ्याहूनही लहान, त्यामुळे ही घार आहे हे लोकांना पटतच नाही. हवेत खिळा ठोकल्यासारखी एका जागी पंख मारत राहते, नजर खाली गवतात. मग पाय सोडून टप्प्याटप्प्याने उतरते. खाणं मुख्यतः उंदीर. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे लावतात ना, त्यांवर ही आयती येऊन बसते. माळाला पडीक जमीन म्हणून झाडं लावायला निघालेल्यांनी हिला एकदा बघावं. दाट झाडीत ती शिकार कुठे करणार?

रापणकर
मालवणकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं) ओढताना डोक्यावर ब्राह्मणी घार असणारच. डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपूट गोल. काळ्या, म्हणजे नेहमीच्या, घारीच्या शेपटीला खाच असते, हिला नाही. मासेमार घारट्यासारखी पाण्यात सूर मारत नाही. वरवर आलेला नाहीतर वाळूत टाकून दिलेला मासा अलगद उचलते. आजो म्हणायचो, "घारीचो वाटो ती आपणच नेता."

वऱ्हाडी
गावाबाहेर मेलेलं ढोर टाकायची जागा आहे. लहानपणी तिथे गिधाडं असत. घारीच्या चोचीने गाईचं कातडं फाटत नाही, त्यामुळे त्या कडेला थांबून तुकडे पळवत. जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक देत, आणि ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली त्या औषधावर बंदी आली, तोवर आमचं आभाळ रिकामं झालं होतं. आता कातडं फाडायचं काम कुत्री करतात आणि घारी त्यांच्या मागे. गिधाडाची जागा घारीने घेतली असं कुणी म्हणालं की मला राग येतो. तिला ते काम जमणारच नाही, आणि वाढलेली कुत्री माणसालाही धड नाहीत.

सध्या रेडिंग
इंग्लंडमधलं चालेल का? इथली लाल घार शिकाररक्षकांनी (शिकारीसाठीचे पक्षी राखणाऱ्यांनी) मारून मारून संपवली होती. थोडी वेल्सच्या डोंगरांत उरली. १९८९ ते १९९४ दरम्यान स्पेनहून पिल्लं आणून इथून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली. आता लोक परसात मांसाचे तुकडे टाकतात म्हणून त्या गावातच घिरट्या घालतात. खरी गंमत मात्र शेतात. नांगरट झाली की हा एवढा मोठा पक्षी जमिनीवर उतरून गांडुळं वेचत चालतो.

चिपळूणची
तुमचं कौतुक चालू द्या. माझ्या कोंबडीची पिल्लं हीच नेते. कोंबडी ओरडून सगळी पंखाखाली घेते, तरी एखादं जातंच. पिंजरा, आरसा, जुनी सीडी, सगळं करून झालं.

माळकरी
चिपळूणच्या ताई, जवळपास कोतवालाचं घरटं आहे का? तो घारीच्या पाठीवर बसून टोचतो.

चिपळूणची
गेल्या उन्हाळ्यात आंब्यावर होतं. तेव्हा घार अंगणात उतरतच नव्हती, हे आत्ता लक्षात आलं. पण त्याची पिल्लं उडाली की तो निघून जातो आणि नंतरचे महिने माझेच. त्यावर काही सुचवा.