एकट्याचा ट्रेक आणि मागे लागलेलं गावचं कुत्रं

रानवाट:
नोव्हेंबरात खिरेश्वर–तोलारखिंड–हरिश्चंद्रगड असा बेत आहे. एकटाच, एक रात्र वर. पायथ्याचं एखादं कुत्रं मागे लागलंच तर त्याच्यासाठी पाणी-खाणं किती धरू? खिंडीनंतरच्या कातळटप्प्याचं काय? आणि रात्री ते खरंच राखण करतं का?

कातळखूण:
पंधरा किलोचं कुत्रं नुसतं बसून दिवसाला पाऊण-एक लिटर पाणी पितं. चढाईच्या दिवशी दीड-दोन लिटर धरा. एकदम नको, अर्ध्या तासाने ओंजळभर. टाक्यातलं पाणी माणसंही पितात, तेव्हा त्याला आत उतरू न देता बाजूला काढून पाजा. खायला दोन-तीन पोळ्या आणि दोन उकडलेली अंडी पुरतात, तीही मुक्कामी पोचल्यावर. चॉकलेट आणि कांदा नको. मनुका तर मुळीच नकोत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आपल्या सुक्यामेव्याच्या पुडीत त्या हमखास असतात.

कातळ कुत्री चढतात झकास, अडकतात उतरताना. सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि नखं धरत नाहीत. गळ्यात दोर बांधून ओढाल तर फास बसेल. रुंद पट्टीचा एक वेढा पुढच्या पायांमागून छातीखाली, दुसरा पोटाखाली. दोन्ही पाठीवर एका मुठीत धरा. तोंड आपल्या चेहऱ्यापासून लांब राहू द्या. गुरगुरलं की हात काढा, बहुतेकदा ते आपली वाट शोधतं. बेलपाड्याची नळी, म्हणजे घळीतली खडी वाट, असती तर कुत्र्याला खालूनच हाकला म्हटलं असतं.

गोचीड:
नोव्हेंबरातही दुपारचा कातळ तापतो. तळहाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या खाणारी दिसली तर ऊन लागलंय. सावलीत नेऊन पोट, जांघा आणि पंजे भिजवा, वारा घाला. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

दरडवाडी:
राखणीचा मुद्दा मला पटत नाही. कुत्रं भुंकून वर्दी देतं हे खरं, पण बिबट्याला ते आयतं भक्ष्य. उशाशी कुत्रं घेऊन उघड्यावर झोपणं म्हणजे आमिष लावून झोपणं. शिवाय हे अभयारण्य आहे, कुत्री सशांमागे धावतात, त्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. पायथ्याशी पहिलं बिस्कीट टाकू नका, निम्मी कुत्री तिथूनच परततात.

आणि साबणाची वडी ठेवा. चावलं किंवा ओरखडा निघाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. हळद-चुना काही लावायचं नाही. तडक खाली उतरून त्याच दिवशी रेबीजच्या लशीचा पहिला डोस. रक्त आलं असेल तर सोबत जखमेत सीरमही लागतं. एकटे असाल तर वर थांबून ‘बघू सकाळी’ करू नका.

रानवाट:
आणि उतरलो पलीकडच्या पाचनई गावाला तर?

कातळखूण:
मग त्याला नेऊच नका. तिथली कुत्री परक्याला वेशीवरच फाडतात, आणि खिरेश्वरला ते एकटं परतेलच असं नाही. सोबत आलंच असेल तर आलात त्याच वाटेने उतरा.